माथेरान पायी पाहू द्या
रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी,
रायगड जिल्हा, अलिबाग



माथेरानला येणारा माणूस घरून फक्त तारीख ठरवून निघतो. कुठे जायचं, किती चालायचं, काय बघायचं, कशावर बसायचं, हे बाकीचं सगळं दस्तुरी नाक्यावर गाडीतून उतरल्यावर दहा मिनिटांत ठरतं, आणि ते ठरवणारा तो स्वतः नसतो. हे बदलायला हवं. ते बदलणं आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

मी बदलापूरची. आमच्यानंतर वांगणी, शेलू आणि मग नेरळ, त्यामुळे माथेरान आम्हाला घरच्यासारखंच. पावसात, थंडीत, जांभळं पिकतात तेव्हा, अशा सगळ्या दिवसांत मी तिथे चालत आले आहे. आपल्याला हे आवर्जून लिहावंसं वाटण्याचं आणखी एक कारण आहे. १८५० च्या मे महिन्यात आपल्याच पदावरचा एक अधिकारी चौक गावाहून हा डोंगर पायी चढला. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता आणि ह्यू मॅलेट ठाण्याचे कलेक्टर होते. ते वन ट्री हिलच्या अंगाने चढले आणि रामबागेच्या वाटेने उतरले. धनगर, ठाकूर, कातकरी यांना या वाटा त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होत्या. पण सरकारदरबारी माथेरानची नोंद झाली ती या पायपिटीनंतर. १८५५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन इथे आले आणि वस्ती वाढू लागली. एका जिल्हाधिकाऱ्याने चालत पाहिलेलं हे ठिकाण आहे. लोकांना ते चालत पाहता यावं, एवढीच माझी मागणी आहे.

कागदावर तर तशी सगळी तजवीज झालेली आहे. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा मिळून २१४.७३ चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. दस्तुरीच्या पुढे मोटारगाडी जात नाही. रुग्णवाहिका, अग्निशमनाचा बंब आणि आता ई-रिक्षा एवढाच अपवाद. माथ्यावर दाट झाडी, लाल मातीच्या वाटा आणि डोंगराच्या कडेकडेने अडतीस पॉइंट. मुंबई-पुण्याच्या मधोमध, साधारण आठशे मीटर उंचीवर, दिवसभर गाडीचा भोंगा कानावर न पडता चालता येईल अशी ही जागा आहे. तिथे येणाऱ्याला कोणती वाट कुठे जाते आणि किती वेळ लागतो हे कोणीच सांगत नाही, ही माझी तक्रार आहे.

दस्तुरीवर काय घडतं ते आपल्याला अहवालातून कळत असेलच. मी पाहिलेलं सांगते. थंडीचे दिवस होते. एक कुटुंब गाडीतून उतरलं, आजी, मुलगा-सून, दोन लहान मुलं. सामान खाली ठेवायच्या आत चार-पाच जण भोवती जमले. आजींना सांगण्यात आलं की गाव खूप लांब आहे, पुढे सगळा चढच आहे, छोटी रेल्वेगाडी आज बंद आहे, घोड्याशिवाय गत्यंतर नाही. सुनेने विचारलं, ‘चालत किती वेळ लागेल?’ उत्तर आलं, ‘दोन तास तरी धरा.’ त्या जागेपासून अमन लॉज स्टेशन पाच-सात मिनिटांवर आहे. तिथून बाजारापर्यंत जाणारी त्या छोट्या रेल्वेची शटल चालू होती. बाजारापर्यंतचं अंतर अडीच-तीन किलोमीटर आहे, चढ अगदी बेताचा आहे आणि रमतगमत चाललं तरी पाऊण तास लागतो. मी मध्ये बोलले तेव्हा माझ्याकडे रागाने पाहिलं गेलं. ते कुटुंब शेवटी शटलने गेलं. पण दर शनिवारी अशी कितीतरी कुटुंबं उतरतात, आणि प्रत्येकाशेजारी माहिती सांगणारं कोणी उभं नसतं.

हे एकट्या माझ्या डोळ्यांनी पाहिलं असं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये माथेरानकरांनी दस्तुरीवर होणाऱ्या याच दिशाभुलीविरुद्ध गाव बंद ठेवलं होतं. ज्या गावाची चूल पर्यटकांवर पेटते, त्या गावाने स्वतःहून दुकानांची दारं लावून घेतली, यावरून दुखणं किती खोल गेलं आहे ते दिसतं.

दोष घोडेवाल्यांच्या माथी मारून मोकळं व्हावं, असं मात्र मला वाटत नाही. इथे चारशेहून जास्त घोडे आहेत. पावसाळ्याचे चार महिने शनिवार-रविवार सोडले तर धंदा जवळजवळ बसतो, पण घोड्याला चारा-खुराक रोज लागतोच. लगाम धरून चालणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्याच्या मालकीचा घोडा चालवतात. त्यांना दिवस भरायचा असतो. ज्याला हौस आहे, ज्याचे गुडघे दुखतात, ज्याच्या कडेवर मूल आहे, त्याने घोडा जरूर घ्यावा. ठरलेला दर द्यावा, बिल्ला क्रमांक पाहावा. पण तो पर्याय समोरचं सगळं कळल्यावर निवडलेला असावा. न चालणाऱ्याला घोडा मिळावा आणि चालणाऱ्याला वाट मिळावी, इतका साधा हिशेब आहे. तो जुळत नाही, कारण नाक्यावर माहिती देणाराही तोच आणि वाहन विकणाराही तोच.

आता माहिती म्हणजे नेमकी कोणती, ते सांगते. कारण फलक लावा म्हटलं की ‘माथेरान आपले स्वागत करीत आहे’ असा फलक लागतो, हा अनुभव आहे.

माथेरानचा डोंगर उत्तर-दक्षिण पसरलेला आहे आणि बाजारपेठ साधारण मधोमध. हे एक वाक्य कळलं तरी निम्मी सहल आखून होते. पश्चिमेच्या कडेला शार्लोट तलाव, लॉर्ड पॉइंट, इको पॉइंट, लुईझा पॉइंट. पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या अंगाला अलेक्झांडर, रामबाग, लिटल चौक, वन ट्री हिल. उत्तर टोकाला पॅनोरमा. वायव्येला पॉर्क्युपाइन, ज्याला सगळे सनसेट पॉइंट म्हणतात. आणि एका बाजूला निघालेल्या सोंडेवर गारबट, जिथे फारसं कोणी फिरकत नाही.

ज्याच्याकडे अर्धाच दिवस आहे त्याने बाजारातून थेट शार्लोट तलावाची वाट धरावी. अर्ध्या-पाऊण तासाची, बहुतेक सगळी सावलीची वाट. काठावर पिसारनाथाचं देऊळ आहे, ते इथलं ग्रामदैवत. हा तलाव गावाचं पिण्याचं पाणी आहे, त्यात पाय बुचकळू नयेत, हे तिथे ठळक अक्षरांत लिहायला हवं. तिथून लॉर्ड, इको आणि कडेकडेने लुईझा, असा फेरा घालून परत बाजारात आलं की तीन तास सहज जातात. पश्चिमेला समोर प्रबळगड उभा असतो, जरा दक्षिणेकडे इर्शाळगड, आणि खाली मोरबे धरणाचं पाणी, ज्यावर नवी मुंबईची तहान भागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री ज्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती याच इर्शाळगडाच्या कुशीत होती. लुईझा पॉइंटवर हात लांब करून फोटो काढणाऱ्यांपैकी कितीजणांना हे माहीत असतं? डोंगर सुंदर दिसतो तिथेच तो पावसात काय करू शकतो हेही लोकांना कळावं, असं मला मनापासून वाटतं.

ज्याच्याकडे पूर्ण दिवस आहे त्याने सकाळ दक्षिणेला द्यावी. खंडाळा पॉइंट बाजाराला लागूनच आहे. पुढे अलेक्झांडर, रामबाग, मग लिटल चौक, आणि वन ट्री हिलला पोचून पश्चिमेच्या कडेने परत. पाणी सोबत घ्यायचं, कारण सुट्टीच्या दिवशी जागोजागी टपऱ्या असतात, पण मंगळवारी-बुधवारी पुढच्या वळणावर काही मिळेल याची खात्री नसते. आणि संध्याकाळी सनसेट पॉइंट. तिथे सूर्य बुडाला की पाच मिनिटांत सगळे एकदम उठतात आणि झाडीतली वाट झपाट्याने अंधारते. विजेरी घरून आणा, ही सूचना कुठेही लिहिलेली नाही. मोबाइलच्या उजेडात, एका हाताने मुलाला धरून, घोड्यांच्या रहदारीतून वाट काढणारे आई-बाप मी दर वेळी पाहते.

आणि जो मुक्कामाला आहे, त्याच्या वाट्याला खरं माथेरान येतं. पॅनोरमाला सूर्योदय पाहायचा तर बाजारातून दीड तास हाताशी धरून अंधारातच निघावं लागतं. वाट एकट्याची नाही, दोघं-तिघं असावेत. पण उजाडताना त्या टोकावर उभं राहिलं की पूर्वेला उल्हास नदीचं खोरं, त्यातून जाणारी कर्जतची रेल्वेलाइन, जवळच पेब किल्ला, आणि हवा स्वच्छ असेल तर पार मागे भीमाशंकराकडची सह्याद्रीची मुख्य रांग दिसते. येताना शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते. नशीब असेल तर जांभळीच्या शेंड्यावरून शेकरू झेप घेताना दिसतं. सात पॉइंट तीन तासांत ‘करणाऱ्याला’ यातलं काही दिसत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी त्याला दहा मिनिटं दिलेली असतात आणि पुढच्या पॉइंटची घाई लागलेली असते.

ऋतूंचंही तसंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुतलेली असते, लांबचं दिसतं. एप्रिल-मेमध्ये दरीत धुरकट उष्मा साचतो, पण वर सावली असते आणि मेच्या अखेरीस करवंदं-जांभळं. जून ते सप्टेंबर पॉइंटवर बहुतेक वेळा पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नाही. त्या दिवसांत रानातल्या आतल्या वाटा चालाव्यात आणि कड्यांच्या जवळ जाऊ नये. हे चार वाक्यांत सांगता येतं. जाहिरातींत मात्र बाराही महिने एकच हिरवागार फोटो असतो.

गाडीचं म्हणाल तर नेरळ-माथेरान रेल्वे हा आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचे सोळा लाख रुपये घालून, १९०४ ते १९०७ या काळात दोन फूट रुंदीच्या रुळांची ही वीस-एकवीस किलोमीटरची वाट डोंगरावर चढवली. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान. २६ जुलै २००५ च्या पावसाने ती उखडली, २००७ मध्ये पुन्हा चालू झाली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग वाहून गेला आणि नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. आजही पावसाळ्यात साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो आणि फक्त अमन लॉज-माथेरान शटल चालते. गंमत म्हणून आलेल्या माणसाला हा फरकच ठाऊक नसतो. ‘गाडी बंद आहे’ हे अर्धसत्य त्यामुळेच खपतं. नेरळहून गाडी बंद असताना शटल चालू आहे, एवढं वाक्य आणि त्या दिवसाचं वेळापत्रक दस्तुरीच्या फाटकावर खडूने जरी लिहिलं, तरी निम्मी दिशाभूल त्याच दिवशी थांबेल. रेल्वे आपल्या अखत्यारीत नाही हे मला कळतं. फळा तर आहे.

ई-रिक्षा आल्या हे फार चांगलं झालं, आणि ते मी ठामपणे म्हणते. डिसेंबर २०२२ मध्ये त्या प्रायोगिक स्वरूपात सुरू झाल्या तेव्हा पर्यावरणाच्या नावाने विरोध झाला होता. पण इथे साडेचार हजारांच्या आतबाहेर लोक कायम राहतात. त्यांची मुलं शाळेला जायला रोज मैलोन्‌मैल चालायची, आजारी माणसाला हातगाडीवर घालून दस्तुरीपर्यंत आणावं लागायचं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, माणसाने माणसाला ओढत न्यायची रिक्षा या महाराष्ट्रात एकविसाव्या शतकात चालू होती. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने ती प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या रिक्षाचालकांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. चढावर त्या हातरिक्षा ढकलणाऱ्या माणसांच्या पोटऱ्या आणि धाप ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला या निकालावर दुसरं मत असू शकत नाही. ई-रिक्षात पहिला हक्क शाळकरी मुलांचा, रुग्णांचा, वृद्धांचा आणि अपंगांचा, पर्यटक त्यानंतर. धडधाकट माणसाला दस्तुरी ते बाजार चालायला लावणं यात कसलाही अन्याय नाही.

त्याच निकालात वाटांबद्दलही सांगितलं आहे, आणि तिकडे आपलं विशेष लक्ष वेधायचं आहे. दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील, पण आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नाहीत, असा त्याचा मथितार्थ आहे. हे का महत्त्वाचं, ते मातीकडे पाहिल्यावर कळतं. माथेरानच्या माथ्यावर काळ्या कातळावर जांभ्याचा थर बसलेला आहे. तो कुजून जी लाल माती होते ती हातात घेतली तर पिठासारखी बोटांतून निसटते आणि तळव्यावर रंग ठेवते. घोड्याच्या नालाखाली ती रोज थोडी मोकळी होते, पहिल्या पावसात तिचे लाल ओहोळ होतात आणि कड्यावरून खाली जातात. अलेक्झांडर पॉइंटकडे जाताना वाटेच्या कडेची जांभळीची झाडं नीट पाहावीत. मुळं गुडघ्याएवढी उघडी पडलेली दिसतात. कधीकाळी त्या मुळांच्या वरून वाट जात होती. लोक त्यावर पायरीसारखा पाय देऊन चढतात, त्यामुळे साल सोलवटून मुळं गुळगुळीत झाली आहेत. अशी झाडं वादळात उन्मळतात आणि पुढच्या वर्षी तिथली वाट आणखी हातभर रुंद होते.

यावर सिमेंट ओतणं हा उपाय नाही आणि काहीच न करणं हाही नाही. जुन्या वाटांना आडवे दगडी चर आणि कडेला जांभ्याचे बांध होते. काही ठिकाणी ते अजून आहेत, पालापाचोळ्याने भरून गेलेले. ते दर मे महिन्यात साफ केले आणि पडलेले दगड पुन्हा लावले, तर पाणी वाटेवरून धावणार नाही. हे काम करणारी माणसं डोंगराखालच्या वाड्यांत आहेत आणि त्यांना कामाची गरज आहे. घोड्यांची वाट आणि पायवाट जिथे शक्य आहे तिथे वेगळी करावी. किमान शार्लोट तलावाभोवतीचा फेरा फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. लीद आणि पिण्याचं पाणी यांच्यात जेवढं अंतर राहील तेवढं बरं.

सुरक्षेचा मुद्दा मी लांबवत नाही, पण वगळूही शकत नाही. इथल्या कड्यांची वरची कड जांभ्याची. खालून झिजलेली असली तरी वरून ती भक्कम वाटते. काही पॉइंटवर कठडे चांगले आहेत, काही ठिकाणी पाइप गंजून निखळले आहेत. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा अडतीसही ठिकाणांची पाहणी व्हावी, आणि जिथे कठडा नाही तो पॉइंट दुरुस्तीपर्यंत सरळ बंद ठेवावा. अपघात झाला की दोर घेऊन दरीत उतरतात ती गावातलीच तरुण मुलं. त्यांच्या जिवावर हे किती दिवस चालवायचं? माकडांना खाऊ घालण्यावर बंदीही नुसती फलकावर नको. केळं हातात घेऊन फोटो काढणाऱ्यामुळे नंतर येणाऱ्या लहान मुलाच्या हातातली पिशवी हिसकावली जाते.

आणखी एक गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. माथेरानच्या बहुतेक पॉइंटांना इंग्रज साहेबांची आणि मडमांची नावं आहेत. असू देत, तो इतिहास आहे. पण याच मातीत १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल जन्मले, हे येणाऱ्या शंभरातल्या किती जणांना ठाऊक असतं? वकील झालेला, नगरपालिकेचा उपाध्यक्ष राहिलेला हा माणूस खालच्या वाड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी झटला, त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, सावकारीला पर्याय म्हणून धान्यकोठार उभं केलं. बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात हिराजी पाटलांसह हुतात्मा झाला. भाई कोतवालांच्या त्या वाड्यांतल्या बायाबापड्या आजही डोक्यावर पाट्या घेऊन वर येतात. धोदाणीकडून सनसेट पॉइंटला चढणारी वाट, खालून रामबागेला येणारी वाट, वन ट्री हिलजवळची शिवाजी शिडी, या त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा. करवंदांचे द्रोण विकायला बसलेली बाई पहाटेच हजार-दोन हजार फूट चढून आलेली असते. तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्याला हे कुठेतरी वाचायला मिळालं असतं, तर त्याने ती केली नसती, असा माझा विश्वास आहे. पॉइंटच्या फलकावर ‘येथून काय दिसते’ यासोबत ‘ही वाट कोणाची’ हेही दोन ओळींत लिहावं.

मग मी मागते आहे ते काय? पैसा ओतायचा प्रकल्प मी मागत नाही. दस्तुरीला प्रत्येक प्रौढाकडून प्रवेशकर घेतला जातो आणि त्याची पावती प्रत्येकाच्या हातात पडते. त्या पावतीच्या पाठीवर माथेरानचा नकाशा छापावा. मराठी आधी, मग हिंदी-इंग्रजी. त्यावर पॉइंटपासून पॉइंटपर्यंत चालण्याचे मिनिटांत अंतर असावं, किलोमीटरपेक्षा ते माणसाला लवकर कळतं. पाणी आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते दाखवावं. बायकांना पाच-सहा तासांच्या फेऱ्यात ही गोष्ट किती अडते, हे वेगळं सांगायला नको. घोड्याचे आणि ई-रिक्षाचे ठरलेले दर त्याच कागदावर असावेत. कर भरल्यानंतर आणि सामान उचलण्याआधी माणसाला पाच मिनिटं शांतपणे हा कागद वाचता येईल अशी एक शेड हवी, जिथे सेवा विकणाऱ्या कोणालाही प्रवेश नसेल. शेडमध्ये गावातल्याच दोन मुली-मुलांना पगारावर बसवावं, जे ‘आजी चालू शकतील का’ या प्रश्नाचं खरं उत्तर देतील.

आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारचा विचार व्हावा. घाटात गाड्यांची रांग लागते, इंजिनं तापतात, वाहनतळ दुपारच्या आत भरतं आणि लोक तासन्‌तास घाटात अडकून संध्याकाळी काही न पाहता परततात. वाहनतळ भरलं की खाली बातमी देऊन नेरळलाच गाड्या थांबवाव्यात आणि तिथून शेअर टॅक्सीने किंवा मंगळवारी येण्याचा सल्ला द्यावा. संवेदनशील क्षेत्रात किती गाड्या येऊ द्यायच्या हे ठरवण्याचा अधिकार प्रशासनाला नाही, तर कोणाला आहे?

वाचकहो, हे पत्र जिल्हाधिकाऱ्यांना असलं तरी तुम्हीही ते वाचता आहात. फलक लागेपर्यंत थांबू नका. जाण्याआधी एक दिवस शटलचं वेळापत्रक पाहा, जमल्यास आठवड्याच्या मधल्या वारी जा, लोकलने नेरळ गाठा, पायात जुने मळके बूट घाला, पाण्याची बाटली घरून भरून न्या आणि ती परत आणा. सात पॉइंटांचा सौदा करू नका. दोन पॉइंट निवडा आणि तिथे तासभर बसा.

माननीय जिल्हाधिकारी, येत्या पावसाळ्याआधी एका साध्या मंगळवारी, ताफा न आणता, आपण दस्तुरीहून बाजारापर्यंत आणि बाजारातून वन ट्री हिलपर्यंत चालत यावं, अशी माझी विनंती आहे. घड्याळ लावून यावं, आणि जो वेळ लागेल तोच नकाशावर छापावा.

आपली विश्वासू,
बदलापूरहून पायी येणारी एक नागरिक